उजव्या गुडघ्यावरचा 'स'

१

"ओ दाक्तल! त्यो पाय कामून उचलायलेत?"

ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटनं ओरडायची पद्धत नाही. पण गंगूबाईंना भूल कमरेखाली दिलेली होती. कमरेच्या वर त्या टक्क जाग्या होत्या, बोलणं तेवढं बोबडं येत होतं. मधल्या हिरव्या पडद्यावरून त्यांना एक पाय वर जाताना दिसला. पाय त्यांचाच होता, पण भलताच होता.

"आधी दावा कलायचं थललंय की! ह्यो उजवा हाय!"

पाय पुसायला बोळा घेतलेला टेक्निशियन जागीच थिजला. सर्जन डॉ. सारंग देवस्थळी धुतलेले हात वर धरून आत येत होते, तेही दारातच थांबले.

"निशाण बघा," ते म्हणाले.

निशाण उजव्या गुडघ्यावरच होतं. जांभळ्या शाईचा ठसठशीत 'स'. सारंग सरांच्या नावाचं पहिलं अक्षर. ज्या बाजूचं ऑपरेशन, त्या बाजूवर ते सकाळी स्वतः हे अक्षर काढत असत आणि त्यांच्याशिवाय कुणी ते काढायचं नाही असा नियम होता. मग कुणीतरी भिंतीवर एक्स-रे लावला, कुणीतरी फाइल उघडली. दोन्हीकडे डावा गुडघा होता.

सारंग सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी सकाळी डाव्यावर काढला होता," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो, डाव्यावर!"

म्हणजे वॉर्डातून थिएटरात येईपर्यंत त्या 'स'नं एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर उडी मारली होती.

२

सिकंदराबादजवळ मलकपेठच्या सप्तधारा हॉस्पिटलात रुग्णसुरक्षा विभाग होता. विभाग म्हणजे योगिनी उदगीरकर, तिचं टेबल आणि त्यावरचा कुरकुरणारा पंखा. गौलीगुड्याच्या जुन्या मराठी घरातली ही पोर मराठी घरी शिकली, तेलुगू शाळेत आणि दखनी हिंदी गल्लीत. कोडं दिसलं की तिला भूक लागत नसे आणि खुर्चीही टोचायची. आज सकाळपासून तिनं दोन चहा थंड केले होते.

हॉस्पिटलचे संचालक डॉ. वेणुगोपाल राव तिच्यापुढं येरझाऱ्या घालत होते.

"मेरेको नाम होना, योगिनी गारू. शाम की मीटिंग में नाम होना."

"आणि चूक करणाऱ्याचं नाव नाही मिळालं तर, सर?"

"तो त्रिवेणी सिस्टर घर जाते. पेशंट उनोंच भेजे ना ऊपर?"

त्रिवेणी सिस्टर म्हणजे वॉर्डाची मुख्य परिचारिका. उभा जन्म या वॉर्डात घातलेली बाई, निवृत्ती तोंडावर आलेली. पेशंटला वर पाठवताना 'निशाण आहे' असं तिनं सांगितलं होतं, एवढाच तिचा गुन्हा. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातलाच हा प्रकार होता.

त्यात दुसरी भीती होती. आज त्रिवेणी सिस्टर गेली तर उद्यापासून या इमारतीत कुणीही कसलीही चूक तोंडातून काढणार नाही. चुका होतच राहतील, फक्त दिसायच्या बंद होतील.

"संध्याकाळी मीटिंग वॉर्डातच घेऊ, सर," ती उठत म्हणाली. "गंगूबाईंच्या खाटेपाशी."

"वहाँ कैकू?"

ते तिलाही अजून ठाऊक नव्हतं. ती जवळजवळ धावतच बाहेर पडली.

३

सारंग सरांकडे नाव तयारच होतं.

"युवराज," ते म्हणाले. डॉ. युवराज त्यांचा हाताखालचा सर्जन. "सकाळीच आमचं वाजलं. हे ऑपरेशन त्याला करायचं होतं, मी दिलं नाही. आणि माझा 'स' या हॉस्पिटलात कुणाला हुबेहूब काढता येत असेल, तर त्यालाच."

"पण सर, फाइलमध्ये डावा लिहिलेलं होतं. भुलीआधी बाजू मोठ्यानं पडताळायची असते ना?"

सारंग सर एकदम हाताची नखं बघू लागले. उत्तर दिलं ते बाजूला बसलेल्या भूलतज्ज्ञ डॉ. अनुराधांनी.

"मी विचारलं, बाजू कोणती? हे आतून हात धूत ओरडले, निशाण आहे ना, तीच. आम्ही सगळे 'हो' म्हणालो. फाइल कुणी उघडलीच नाही गं."

"माझ्या अक्षरावर माझा विश्वास होता!" सारंग सर म्हणाले. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

युवराज कँटीनमध्ये सापडला. आरोप ऐकून तो चिडला नाही, उलट हसला.

"मॅडम, तुम्ही तो 'स' नीट पाहिलात का?"

"नाही अजून."

"मग आधी बघा. सरांचं नाव घालवायला मी काढला असता, तर असा काढला असता का? मला इतकं वाईट अक्षर जमणारच नाही."

योगिनी तिथूनच जिन्याकडे वळली.

४

गंगूबाई खाटेवर बसून मऊ भात खात होत्या. भूल उतरली होती, ऑपरेशन परवावर गेलं होतं. बाई मूळच्या देगलूरकडच्या, आता मुलाकडे मलकपेठेत. शेजारी सून रसिका उभी होती. पुण्याची मुलगी, कंपनीत नोकरी, चेहरा पार उतरलेला.

"आजी, गुडघे बघू का?"

"बग माय. आज समद्यांनी बगितलेत, तूच राहिलीस."

योगिनीनं चादर सारली. दोन्ही गुडघे पिवळसर होते. हळद! आणि उजव्या गुडघ्यावरचं जांभळं अक्षर त्या पिवळ्यावर स्वच्छ उमटलेलं होतं, कुठं फराटा नाही की डाग नाही.

ती सावकाश रसिकाकडे वळली. रसिकानं हात पाठीमागे नेले, पण बोटांची पिवळी टोकं दिसायची ती दिसलीच.

"कधी लावलीत हळद?"

रसिकाचे डोळे भरले. "सर निशाण काढून गेल्यावर. आई म्हणाल्या, हळद लागल्याशिवाय मी आत जाणार नाही. तेलात कालवून दोन्ही गुडघ्यांना चोळली. इथं तेल लावायचं नाही हे आठवलं तशी ओल्या टॉवेलनं पुसून काढली. टॉवेल जांभळा झाला तेव्हा कळलं मी काय केलं ते. विम्याच्या खिडकीवरून फाइल घेऊन यायला बोलावणं आलं होतं, मी तशीच खाली गेले. तिथूनच फाइल वर थिएटरला पाठवली. मला वाटलं, निशाण नाही म्हटल्यावर कुणीतरी विचारेलच."

"म्हणजे तुम्ही खाली गेलात तेव्हा एकाही गुडघ्यावर काही नव्हतं?"

"काही नव्हतं. देवाशपथ."

अक्षरानं उडी मारलीच नव्हती! सारंग सरांचा 'स' तेलात विरघळून गेला होता आणि हा दुसराच 'स' होता, हळदीनंतरचा. आधीचा असता तर तेलानं तो फिसकटला असता. सारंग सर तेव्हा थिएटरात होते, युवराजही तिथेच. वॉर्डात होत्या त्रिवेणी सिस्टर आणि पेशंटची तयारी करणारी परिचारिका, राणी.

ती गुडघ्यावर आणखी वाकली. 'स'च्या डोक्यावर आडवी रेघ नव्हती. रेघेच्या जागी होती एक छोटी तिरकी खूण, बरोबरच्या खुणेसारखी.

तिच्या तेलुगूच्या बाईंनी ही खूण घोटून घेताना छडी मोडली होती. तलकट्टू! तेलुगू अक्षराच्या माथ्यावर देतात ती. मराठीत शिकलेली त्रिवेणी रेघ विसरेल, पण तलकट्टू देणार नाही. वरंगळच्या राणीचा हात मात्र सवयीनं तिकडेच वळणार.

५

राणी औषधांच्या कपाटापाशी उभी होती. योगिनीला बघताच तिनं हातातला ट्रे खाली आदळला. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते खोटं नाही.

"राणी, वो 'स' तू लिखी ना?"

राणीनं नाही म्हणायचा प्रयत्नही केला नाही. ती स्टुलावर बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडली.

"हौ मॅडम. थिएटर से फोन पे फोन आरे थे. निशान दिखाच नहीं. फाइल नीचे. सारंग सर को बुलाती तो..." ती थांबली. "पिछली बार लता सिस्टर बुलाई थी. सब के सामने क्या क्या बोले सर, आप सुनेच होंगे. उनों नौकरी छोड़ के चली गई."

योगिनीनं ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं.

"तो मैं अम्मा से पूछी, कौनसा पाँव. अम्मा दायाँ बोली. दो बार पूछी मैं! दो बार बोली, दाया, दाया. तो मैं सीधे, मतलब दायें पाँव पे लिख दी."

राणीच्या मागं दार होतं आणि दारात त्रिवेणी सिस्टर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मला सकाळीच शंका आली होती," ती योगिनीला म्हणाली. "पण पोरीचं नाव मी घेणार नाही. मला काढतात तर काढू देत. तिचं सगळं आयुष्य पडलंय."

योगिनी परत खाटेकडे पळाली. "आजी, नर्सनं तुम्हाला पाय विचारला होता?"

"इचारला की."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"डाव्या!" गंगूबाई कडाडल्या. अक्षर अन् अक्षर खणखणीत. "डाव्या पायाचं हाय म्हनलं. दोनदा म्हनलं. मी काय खुळी हाय का? माजाच पाय मला ठावं न्हाई?"

आता एक तर म्हातारी खोटं बोलत होती, नाहीतर राणी. संचालक यायची वेळ झाली होती. राणी खोटी ठरली, तर त्रिवेणीच्या जागी राणी घरी जाणार, एवढाच फरक पडणार होता. योगिनी खाटेच्या कडेला मटकन बसली.

गंगूबाईंनी भात संपवला, चूळ भरली, आणि तोंडात बोटं घालून कवळी बाहेर काढली. दातांचा तो जुडगा त्या पेल्यातल्या पाण्यात विसळू लागल्या.

"माय," त्या तोंड मिटत-उघडत म्हणाल्या. "दोक्याखालची उशी जला सलकव की."

योगिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. 'डोक्या'चं 'दोक्या' काय, 'जरा'चं 'जला' काय! एकाही कडक अक्षराचा पत्ता नव्हता.

"आजी!" ती ओरडलीच. "सकाळी थिएटरला नेताना कवळी काढून घेतली होती ना?"

"काल्ली होती ना. समद्यांचीच काल्तात."

योगिनीनं त्यांचे दोन्ही गाल धरले आणि त्यांची पापी घेतली. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

६

मीटिंगला सगळे जमले. संचालक खाटेच्या पायथ्याशी, सारंग सर आणि युवराज एकमेकांकडे पाठ करून, डॉ. अनुराधा भिंतीला टेकून. त्रिवेणी सिस्टर ताठ उभी होती आणि तिच्या आडोशाला राणी. गंगूबाई एसीच्या गारठ्यानं हनुवटीपर्यंत शाल ओढून बसल्या होत्या. कवळी पेल्यात होती.

"नाम?" संचालक म्हणाले.

"सांगते सर. पण आधी एक काम करा. सकाळी टेबलावर झोपल्यापासून आजींचा एक खांदा ठणकतोय. तुम्ही मोठे डॉक्टर, जरा बघता?"

डॉ. राव वैतागले खरे, पण माणूस मुळात डॉक्टर होता. ते उशाशी आले, वाकले आणि आवाज मऊ झाला.

"कौनसा कंधा, अम्मा?"

"दाव्या," शालीतून आवाज आला.

"हौ?"

"दाव्या, दाव्या!"

डॉ. रावांनी मान डोलावली, हात पुढं केला आणि उजवा खांदा दाबला.

"अव त्यो न्हाई!" गंगूबाई किंचाळल्या. शालीतून हात काढून त्यांनी संचालकांचा हात आपल्या डाव्या खांद्यावर आणून आपटला. "ह्यो! दाव्या म्हनते तल! तुमाला बी येकू येत न्हाई का?"

डॉ. रावांचा हात गंगूबाईंच्या डाव्या खांद्यावर तसाच होता.

"अम्मा दायाँ बोली ना?" ते कुजबुजले. "मैं सुना. दायाँ बोली."

"त्या डाव्या म्हणाल्या, सर," योगिनी म्हणाली. आवाज शांत ठेवायचा म्हटला तरी राहीना. "मराठीत डावा म्हणजे लेफ्ट. कवळी नसली की आजींचा डाव्या होतो दाव्या, आणि मराठी न येणाऱ्याला तो दाया ऐकू येतो. म्हणजे राइट! सकाळी निशाण तेलानं पुसलं गेलं होतं. एकीनं आजींना पाय विचारला, दोनदा विचारला, आणि जे ऐकलं त्यावर निशाण काढलं. आजी खरं बोलत होत्या. ती परिचारिकाही खरं बोलत होती. तुम्ही वीस वर्षं डॉक्टर आहात आणि तुम्हीही तेच ऐकलंत. नाव हवंय ना सर? तिला काढायचं असेल, तर आत्ता या खांद्यासाठी तुम्हालाही काढावं लागेल."

युवराजला खोकला आला. संचालक लाल झाले. एक क्षण योगिनीला वाटलं, आता आपलीच नोकरी गेली.

तेवढ्यात त्रिवेणी सिस्टरच्या आडून राणी पुढं आली.

"मैं हूँ सर. वो 'स' मैं लिखी."

त्रिवेणीनं तिचा हात घट्ट धरला. डॉ. राव राणीकडे वळले.

"फोन कैकू नहीं करे, राणी?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं.

राणीनं फक्त सारंग सरांकडे पाहिलं. मग अनुराधांनी पाहिलं, युवराजनं पाहिलं, त्रिवेणी सिस्टरनं पाहिलं.

"मी फोन उचलला असता," सारंग सर म्हणाले.

"आणि मग, सर?" त्रिवेणीनं विचारलं.

या 'मग'चं उत्तर तिथं उभ्या प्रत्येकाला पाठ होतं. आज सारंग सरांच्या हातून चांगला गुडघा कापला गेला असता. त्यांनी हात कोटाच्या खिशात घातले.

"सिस्टर घरी जात नाहीत," शेवटी डॉ. राव मराठीत म्हणाले. त्यांचं मराठी मोडकं होतं, पण कुणाला हसू आलं नाही. "राणी बी नाही. योगिनी गारू, पुढे काय करायचा ते तुम बोलो."

योगिनी तयारच होती. "पेशंटनं बाजू तोंडानं सांगायची नाही, त्या जागेवर स्वतःचा हात ठेवायचा. फाइल उघडल्याशिवाय भूल नाही. आणि निशाण दिसलं नाही, तर ते कुणीही काढायचं नाही. सर्जनना फोन करायचा. कुणीही करायचा, कधीही करायचा."

"आणि मी खाली येईन," सारंग सर म्हणाले. आवाज इतका हळू होता की गंगूबाईंनी "काय म्हनलं?" असं विचारलं, तेव्हा त्यांना ते मोठ्यानं पुन्हा म्हणावं लागलं.

७

गंगूबाईंचा डावा गुडघा छान झाला. पण योगिनीला झोप येत नव्हती. भिंतीवर नियम लावणं सोपं असतं. फोन उचलायला हात पुढं होतो की नाही, ते नियमाला सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात ती वॉर्डात उभी असतानाच ती वेळ आली. सिकंदराबादचे एक निवृत्त रेल्वे गार्ड, खुब्याचं ऑपरेशन. राणीनं चादर सारली. निशाण घामानं पुसलं गेलं होतं. थिएटरमधून बोलावणं आलेलं होतं.

राणी फोनपाशी गेली, थांबली, योगिनीकडे बघितलं. योगिनीनं मुद्दामच काही केलं नाही. मग राणीनं आकडे दाबले.

"सर, राणी बोलरी हूँ. निशान नहीं है. आपको आना पड़ता."

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. राणीनं फोन ठेवला आणि सगळा वॉर्ड दाराकडे बघू लागला. त्रिवेणी सिस्टरनं हातातली औषधं खाली ठेवली. जिन्यात धापा ऐकू आल्या. लिफ्टची वाट न बघता सारंग सर पायऱ्या उतरून आले होते, डोक्यावर हिरवी टोपी तशीच. कपाळाला आठी होती. ती सवयीची असावी.

"काका, हात ठेवा," ते म्हणाले. गार्डसाहेबांनी डाव्या खुब्यावर तळवा दाबला. सारंग सरांनी फाइल उघडली, वाचली, आणि 'स' काढला. मग राणीकडे वळून म्हणाले, "बरं झालं बोलावलंस."

एवढंच बोलून ते निघाले. योगिनीला नाचावंसं वाटत होतं.

"सर," मागून बारीक आवाज आला.

शेवटच्या खाटेपाशी नवी परिचारिका मानसी उभी होती. पांढरीफटक. तिच्या पेशंटचा नंबर गार्डसाहेबांनंतर होता.

"सर, यांचंही निशाण पुसलंय," ती म्हणाली, आणि पाठीमागे लपवलेला हात पुढं करून तिनं टोपण काढलेलं जांभळं पेन त्यांच्या हातात दिलं.